उत्तमच्या हातचा फेस

फोन दुपारी आला. जेवण उरकून मी ताट विसळत होतो. एकट्या माणसाचं ताट ते, विसळायला कितीसा वेळ लागतो, पण मी जरा रेंगाळतोच... दुपार मोठी असते. मिलिंदचं, उत्तमच्या पोराचं, नाव दिसलं म्हणून ओल्या हातानंच फोन उचलला. पलीकडून पोरगा दोनदा हॅलो म्हणाला. मग म्हणाला, "काका, पप्पा गेले."

मी नळ बंद केला आणि विचारलं, "त्याची दाढी केली होती का रे?"

आता बाप गेल्याचं सांगणाऱ्या पोराला कुणी असं विचारतं का? पण तोंडातून तेच निघालं, त्याला माझा इलाज नाही. मिलिंदला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय म्हणालात काका?" "दाढी रे. वाढलीय का त्याची?" "वाढलीय काका," एवढं म्हणाला आणि हुंदके देऊन रडायला लागला. मी म्हटलं, "रड बाबा, रडून घे. पण त्याला इकडंच घेऊन ये, आणि त्याच्या तोंडाला कुणी हात लावू नका. मी करतो."

उत्तम साळवे हा पेपरात नाव यावं असा माणूस नव्हता. चिकलठाण्याच्या जुन्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यानं आणि मी उभी हयात शेजारशेजारच्या लेथवर काढली, एकाच गल्लीत घरं बांधली, दोघांच्याही बायका आधीच गेल्या, आणि शेवटची काही वर्षं रोज सकाळी मी त्याची दाढी केली. बस, एवढीच कथा. त्याला जाऊन आता काही आठवडे झालेत. भेटायला येणारे म्हणतात, "लिहा काहीतरी, मोकळं वाटेल." मोकळं काय वाटायचंय, कपाळ! पण सकाळचा वेळ जाता जात नाही, म्हणून बसलोय लिहायला.

आमची गाठ पडली चिकलठाण्यातल्या एका पत्र्याच्या खोलीत. मी पाचोडकडचा. घरी शेतीवाडी होती, पण भावांत वाटून ती उरणार किती, म्हणून बापानं कारखान्याचा रस्ता दाखवलेला. उत्तम लासूर स्टेशनजवळच्या गावातला. खोलीमालकानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "दुसरा पोरगा बौद्धवाड्यातला हाय, चालंल ना तुम्हाला?" मला खोली पाहिजे होती, मी व्हय म्हणालो. त्यात माझा काही मोठेपणा नव्हता, आणि हे उत्तम मला जन्मभर ऐकवत राहिला. "तू खोलीसाठी व्हय म्हणलास रे, माझ्यासाठी नाय," असं म्हणायचा आणि डोळा मिचकवायचा.

कामाचा पहिला दिवस सोमवार. फोरमननं बजावलं होतं, दाढी करून यायचं. आणि सोमवारी सलूनं बंद! माझी पाचावर धारण बसली, कारण मला दाढी करता येत नव्हती. हसू नका. आमच्याकडं न्हावी घरी यायचा. ओट्यावर बसायचं, मान त्याच्या ताब्यात द्यायची, तो वळवील तिकडं वळायचं. स्वतःच्या गालाला स्वतः साबण लावता येतो, हे मिसरूड फुटून वर्षं लोटली तरी माझ्या डोक्यात आलं नव्हतं. उत्तम बाहेर नळावर आंघोळीला गेला होता. त्याचा ब्रश कोनाड्यात दिसला. तो कोरडाच उचलला, अंगाच्या साबणावर घासला, कोरड्याच गालावर फिरवला आणि त्याच्याच रेझरनं खरवडायला लागलो. उत्तम आत आला तेव्हा माझ्या हनुवटीवरून रक्त चाललं होतं. "अरारारा... पाटील, दाढी करताय का कोंबडी सोलताय?" असं म्हणून त्यानं माझ्या हातातलं सगळं काढून घेतलं आणि मला पालथ्या बादलीवर बसवलं.

स्टोव्हवर पाणी तापवलं. ब्रश त्यात बुडवून ठेवला, मग झटकला आणि स्टीलच्या वाटीत साबणाच्या वडीवर गोल फिरवत राहिला. मला कामाला जायची घाई, ह्याला कसलीच घाई नाही. आधी मोठाले बुडबुडे आले, मग ते बारीक होत गेले, मग फेस दह्यासारखा घट्ट झाला आणि त्यानं वाटी माझ्या डोक्यावर पालथी धरून दाखवली. थेंब पडला नाही. मग गालावर ब्रश गोल गोल, केस उभे राहीपर्यंत. गरम आणि मऊ लागलं ते. आमच्या न्हाव्यानं कधी एवढं लाडावलं नव्हतं मला. "ब्लेड काय, कुणीबी फिरवतंय. दाढी ब्रशनं होते," उत्तम म्हणाला. हे वाक्य पुढं मी इतक्यांदा ऐकलं की तो बोलायच्या आत मीच म्हणून टाकायचो.

दाढी झाली. त्यानं तोंड पुसलं, तुरटी फिरवली. आणि मी... मी सवयीनं उजवा हात वर केला. बनियनवरच बसलो होतो. गावाकडं दाढी झाली की न्हावी काखाही काढायचा, त्यानं सांगायच्या आत आमचे हात वर. उत्तम रेझर धरून माझ्याकडं बघत उभा राहिला. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "हात खाली घ्या," तो म्हणाला. "मी तुमचा न्हावी नाय."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. हात खाली आला. मग त्याला काय झालं कोण जाणे, तो फिस्सकन हसला, आणि मग हसता हसता खाटेवरच बसला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मीही हसलो, पण जरा वेळानं. त्या दिवसापासून आम्ही अरेतुरेवर आलो, पाटलाचा मी अंब्या झालो आणि त्या दिवसापासून ती गोष्ट माझ्या मानगुटीवर बसली. माझ्या साखरपुड्यात, रेखाच्या म्हणजे माझ्या मुलीच्या बारशाला, आमच्या दोघांच्या निरोप समारंभात साहेबलोकांच्या पुढं, प्रत्येक ठिकाणी त्यानं ती हात वर करून दाखवत सांगितली. मंदा, माझी बायको, पहिल्यांदा ऐकून इतकी हसली की सासरच्या माणसांत तिला ठसका लागला.

हे सगळं तो कुठं शिकला, ते त्यानं एका रविवारी कपडे धुताना सांगितलं. "आमच्या गावचा न्हावी आमच्या तोंडाला हात लावत नव्हता. म्हशी भादरायचा, पण आमची डोकी नाय. बाप म्हणला, गावात नाय तर नाय, लासूरच्या बाजारात कोण वळखतंय आपल्याला? लिंबाखाली न्हावी बसायचे, तिथं जाऊन बसला. तर गावातलंच कुणीतरी न्हाव्याच्या कानाला लागलं. न्हाव्यानं आपली पेटी आवरली नि दुसऱ्या झाडाखाली जाऊन बसला. बाप तसाच उकिडवा बसलेला." उत्तम हे सांगताना कपडे जोरात आपटत होता. "मग?" मी विचारलं. "मग काय? उठला, त्याच बाजारातून ब्रश घेतला, वस्तरा घेतला, आरशाचा तुकडा घेतला. आधी सोताचं थोबाड चिरून घेतलं. मग हात बसला. मग दर रविवारी आमच्या ओट्यावर सगळ्या वस्तीची हजामत. वस्तरा बापाकडं, फेस माझ्याकडं."

मी बादलीतलं पाणी ओतलं आणि दुसरं भरून आणलं. त्याला माझ्याकडून काही ऐकायचं नव्हतं बहुतेक. त्या संध्याकाळी तो मला शहागंजला घेऊन गेला, माझा स्वतःचा ब्रश घ्यायला. मी म्हटलं, "कशाला, तुझाच वापरतो की." तर म्हणाला, "नको बाबा, मला विटाळ व्हईल." दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांना काय झालं ते कळेना, आम्ही दोघं दुकानात लोळायचेच बाकी होतो. चाचा म्हणाले, "हसते क्या मियाँ, नायलॉन का नक्को लेव, बाल का लेव, बरसों चलता." तो ब्रश खरंच बरीच वर्षं चालला. माझा आधी झडला, उत्तमचा मात्र शेवटपर्यंत टिकला, कारण तो त्याला पोरासारखा सांभाळायचा. दाढी झाली की स्वच्छ धुवायचा, झटकायचा आणि खिळ्याला उलटा टांगायचा, केस खाली, म्हणजे पाणी मुळाशी मुरत नाही.

मधली वर्षं कशी गेली हे सांगत बसत नाही, सगळ्यांची जातात तशी गेली. कमल वहिनी, उत्तमची बायको, ज्वारीची भाकरी अशी थापायची की मंदाही तिच्याकडून शिकली. मिलिंद शिकून पुण्याला गेला, रेखा लग्न होऊन हैदराबादला. आधी मंदा गेली. मग वहिनी. मग आम्ही दोन म्हातारे, गल्लीच्या दोन टोकांना, एकेका घरात एकेक. दुपारी तो त्याच्या घरी झोपायचा, मी माझ्या. संध्याकाळी जालना रोडपर्यंत चालत जायचो आणि रहदारीला शिव्या घालत परत यायचो.

त्याच्या हाताची थरथर पहिल्यांदा चहाच्या कपात दिसली. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. त्यानंतर रोज त्याच्या गालावर पेपरचे कपटे चिकटवलेले असायचे, रक्त थांबवायला. एके दिवशी कानाखाली चांगलंच कापलं, तेव्हा मिलिंदनं पुण्याहून बॅटरीचं मशीन पाठवलं. उत्तमनं ते एकदा फिरवलं, गाल चाचपला आणि म्हणाला, "ही काय दाढी? हे तर कापणी झालेलं रान. नुसतं टोचतंय." मशीन गेलं कपाटात. मग मी गल्लीच्या तोंडाशी सलून आहे, तिथल्या पोराला घरी घेऊन आलो. उत्तमनं त्याला बसवलं, नाव-गाव विचारलं, चहा पाजला आणि परत पाठवून दिलं.

माझं टाळकं सरकलं. "अरे, आता कोण विचारतंय तुला जात?" मी म्हटलं. "तो लासूरचा न्हावी कधीच मेला असंल. ह्या लेकराचा काय दोष?"

"कायबी दोष नाय. लई चांगला पोरगा हाय."

"मग?"

"मग काय? माझा बाप त्यांच्या म्होरं बसून राह्यला नि त्यांनी पेटी आवरली. आता त्यांनी पेटी उघडलीय, तर मी नाय बसत. एवढं तर माझ्या हातात ठेव अंब्या."

त्या पोराला मी परत बोलावलं नाही. दाढी वाढत चालली. पांढरे खुंट, त्यात ओघळणारी लाळ. त्यानं विहारात जाणं सोडलं, संध्याकाळचं फिरणं सोडलं, दार लोटून आत बसायला लागला. उभा जन्म ज्यानं ताप असतानाही दाढी चुकवली नाही, तो माणूस गालावर हात धरून बोलायला लागला. मला ते बघवेना. एका सकाळी मी जाऊन सरळ म्हटलं, "मी करू का?" त्यानं गालावरचा हात काढला.

"तुला जमंल?"

"तूच शिकवलंय."

"मग नाय जमायचं," तो म्हणाला, आणि उठून पाणी तापवायला गेला. जाता जाता एक अट घातली, "फेस मी करणार."

आणि काय सांगू, त्या थरथरत्या हाताचा फेस! ब्रश वाटीत टेकवायचा अवकाश, हात आपोआप चालू. कप धरता येत नव्हता, शर्टाचं बटण लागत नव्हतं, पण फेस असा निघायचा की तसा त्याच्या धडधाकट हातानंही कधी काढला नव्हता. "बघ," म्हणायचा, "ह्या रोगाचा एक तरी उपयोग." मागच्या पडवीत ऊन यायचं, तिथं तो प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचा. ब्रश त्याचा, रेझर माझं. आधी सुलटा हात, मग उलटा. गळ्याच्या घाटीवर आलं की मी श्वास धरायचो, आणि त्याची मान हलू नये म्हणून डावा हात त्याच्या डोक्यावर दाबून ठेवायचो. मग उरलेल्या फेसात माझी दाढी. पहिले काही दिवस मी त्याला कापलं, त्यानं मला शिव्या घातल्या, मग सगळं नीट बसलं.

माझा धाकटा भाऊ एकदा पाचोडहून आला. घरी कुलूप दिसलं म्हणून शोधत उत्तमकडं आला आणि पडवीच्या दारातच थबकला. मी उत्तमच्या नाकाखालचा फेस काढत होतो. "दादा," तो म्हणाला, "आता हेच करायचं राहिलं होतं का?" मी रेझर बाजूला घेतलं. जिभेवर काही सणसणीत आलं होतं, पण उत्तमच आधी बोलला, फेसातून. "बसा की भाऊ. लई फेस उरलाय. तुमची बी करून देतो पाटील." भाऊ चहा न घेता गेला. त्यानंतर सणावाराला फोन येतो त्याचा, त्याच्यापलीकडं काही नाही. मला त्याचं वाईट वाटतं, नाही असं नाही. पण त्या दिवशी आम्ही दोघं हसलो ते पोट दुखेपर्यंत.

मग तो पडला. न्हाणीघरात पडला आणि सकाळी मी जाईपर्यंत तिथंच होता. मिलिंद धावत आला. म्हणाला, "काका, आता मी त्यांना इथं ठेवू शकत नाही." बरोबरच होतं त्याचं, त्याच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं. पण गाडी गल्लीतून वळली तेव्हा मला मिलिंदचा राग आला, उत्तमचा आला, हैदराबादला असलेल्या रेखाचाही आला. बॅगेत त्याचं दाढीचं सामान मीच भरून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी उठलो, पाणी तापवलं, आणि मग आठवलं की कुठं जायचं नाही.

व्हिडिओ कॉल व्हायचा. दर वेळी दाढी आणखी वाढलेली. मिलिंद म्हणायचा, "काका, पप्पा कुणाला हात लावू देत नाहीत. मी प्रयत्न केला, तोंड फिरवतात. तुम्ही सांगा." मी म्हणायचो, "अरे बाबा, पोरगा आहे तुझा, करू दे त्याला." उत्तमचा आवाज तोवर खोल गेला होता. तो स्क्रीनकडं बघून एवढंच म्हणायचा, "तू ये." मग मी गेलो. एसटीनं, गुडघ्याला पट्टा बांधून, शिव्या देत.

मिलिंदचा फ्लॅट लई उंचावर. गॅलरीतून खाली बघितलं की भोवळ यावी. तिथं त्याची खुर्ची ठेवली. वाटी त्याच्या मांडीवर दिली, ब्रश त्याच्या मुठीत. हात थरथरत होता, पण आता त्यात जोर नव्हता. फेस यायला खूप वेळ लागला. मी तो पुरा होऊ दिला. मग दाढी केली. एवढी वाढलेली दाढी, आधी कात्रीनं कमी करावी लागली. एकेक गाल मोकळा होत गेला आणि आत आमचा उत्तम सापडत गेला, वाळलेला, पण तोच. तोंड पुसलं, तुरटी फिरवली. आणि मी सामान आवरायला वळणार, तर त्याचा उजवा हात हळूहळू वर जायला लागला. मला वाटलं, काही दाखवतोय. हात वर वर जात राहिला, थरथरत, डोक्याच्या वर गेला आणि तिथं थांबला. मी त्याच्या डोळ्यांकडं बघितलं. डोळे हसत होते. मेल्या! मी म्हटलं, "हात खाली घे. मी तुझा न्हावी नाय." त्याला आवाज नव्हता, पण अंग गदागदा हललं. मिलिंदची बायको धावत आली, तिला वाटलं बाबांना काही होतंय. मी तिच्याकडं पाठ करून डोळे पुसले.

ती शेवटची भेट. त्यानंतर काही आठवड्यांनी तो फोन आला.

आता सकाळी मी माझी दाढी माझ्या घरी करतो. उत्तमच्या घराची किल्ली मिलिंदनं माझ्याकडंच ठेवलीय, कधीतरी जाऊन खिडक्या उघडून येतो. पडवीत ऊन येतंच, त्याला काय. थोडा वेळ बसतो. शेजारची बाई विचारते, "काका, चहा टाकू का?" मी नको म्हणतो, मग वाटतं व्हय म्हणायला हवं होतं. माणसाला दिवसातून एकदा तरी कुणाच्या तोंडाला हात लावता आला पाहिजे, असं मला वाटायला लागलंय. हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील, पण लहान मूल सोडलं तर म्हाताऱ्या माणसाच्या गालाला कोण हात लावतं? आणि म्हाताऱ्यानं तरी कुणाला लावायचा?

एक सांगायचं राहिलंय. सांगणार नव्हतो, पण आता लपवून कुणासाठी ठेवू... त्याची दाढी करताना मी बोलायचो. एरवी आमच्यात बोलणारा तो, मी नुसता कुरकुर करणारा. पण गालाला फेस लागला की त्याला गप्प बसावं लागायचं, आणि तेवढा वेळ माझा. मंदा गेल्यावर घर कसं खायला उठतं, रेखाचा फोन आला नाही की मी कसा फोनकडं बघत बसतो, कधी कधी संध्याकाळी आपल्याला मरण का येत नाही असं वाटतं, हे सगळं मी त्या पडवीत, ब्लेड झटकत झटकत बोललो. पोटच्या पोरीला नाही सांगितलं ते त्याला सांगितलं. तो डोळे मिटून ऐकायचा. मग मी टॉवेल गरम पाण्यात पिळून त्याचं तोंड पुसायचो आणि थांबायचो. कारण त्यानं सगळं साठवून ठेवलेलं असायचं, आणि तोंड मोकळं झालं की एका वाक्यात निकाल. "फोनकडं बघतो कशाला, तूच लाव की." किंवा, "मरायचं असंल तर माझ्यानंतर मर, माझी दाढी कोण करील?" कधी नुसतीच शिवी. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

पुण्याच्या गॅलरीतही मी विचारलं होतं. रेखा मागं लागलीय, घर विकून हैदराबादला ये म्हणते. "जाऊ का राहू उत्तम? तू तर इकडं आलास. तिकडं मी कुणाशी बोलू, आणि इथं तरी कुणाशी?" मग तोंड पुसलं आणि थांबलो. त्याचे ओठ हलले, पण शब्द काही निघाला नाही. पुन्हा हलले. मग त्यानं नाद सोडला आणि हात वर केला, ते सांगितलंच.

त्याला आणलं तेव्हा सकाळ होती. त्याच्याच घरी पुढच्या खोलीत चटईवर ठेवलं, बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली. बौद्धाचार्य आले होते, नातेवाईक दारात उभे, गाडी सांगितलेली. मी पाणी तापवून आणलं. लासूरकडचे त्याचे चुलतभाऊ म्हणाले, "पाटील, आमच्यात असलं काही लागत नाय. आंघोळ घातली की झालं." मी म्हटलं, "आमच्यातबी लागत नाय. हे त्याचं नि माझं हाय." ते मिलिंदकडं बघायला लागले. मिलिंद म्हणाला, "काकांना करू द्या," आणि पुण्याहून आणलेली बॅग माझ्यापुढं ठेवली.

फेस मलाच करावा लागला. माझा फेस पहिल्यापासून पातळ. फिरवत राहिलो, फिरवत राहिलो, तरी मनासारखा येईना. शेवटी आला तसा लावला. गाल गार होते, ब्रश गोल फिरवला तरी केस उभे राहीनात. आधी सुलटा हात, मग उलटा. गळ्याच्या घाटीवर आलो तेव्हा सवयीनं श्वास धरला. आणि कधी बोलायला लागलो ते माझं मलाच कळलं नाही. खोलीत एवढी माणसं, बायामाणसं, बौद्धाचार्य, आणि मी आपला रेझर धुता धुता त्याला सांगतोय... की तू नसलास तर मला सकाळी उठावंसं वाटणार नाही. की मला भीती वाटते रे, फार भीती वाटते एकट्याला. की रेखाला काय सांगू ते अजून ठरलं नाही, तू तेवढं सांग, जाऊ का राहू. कुणी मला थांबवलं नाही.

टॉवेल गरम पाण्यात पिळला. कपाळ, गाल, हनुवटी, ओठ पुसले. तोंड लख्ख झालं. मी टॉवेल हातात धरून त्याच्याकडं बघत बसलो.

बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न दिला. मिलिंद माझ्याजवळ येऊन वाकला, खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "काका, झालं ना?"

"थांब जरा," मी म्हणालो. "त्याला बोलू दे."